हळद दोनशेची, टपाल एकशेदहाचं

विश्रामबाग, सांगली इथल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग इथे देते.

"गेल्या वर्षापासून मी घरून हळद पावडर, तासगावचे बेदाणे आणि आपलं सांगलीचं भडंग विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून येतात. पुण्या-मुंबईच्या जास्त, थोड्या नागपूर-बेंगळुरूच्या आणि काही अगदी खेड्यातल्या. माल सगळ्यांना आवडतो, पण टपालखर्चानं मेटाकुटीला आले आहे. अर्धा किलो हळद मी २०० रुपयांना देते, पाकीट-लेबलचा खर्च जाऊन मला ६० रुपये सुटतात. पाव किलोचं पाकीट कुरिअरनं ७० रुपयांत जातं, पण अर्धा किलोचं म्हटलं की एकदम ११० घेतात. मागच्या महिन्यात अर्धा किलो भडंग बुटांच्या खोक्यात नीट भरून पाठवलं, तर दोन किलोचे १८० रुपये लावले. विचारलं तर म्हणे साइजचं वजन आहे. गिऱ्हाईक फ्री डिलिव्हरी मागतं. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत येतात ती वेगळीच. पोस्टानं पाठवू की कुरिअरनं? कोथरूडला माझी नणंद असते, ती मदत करते म्हणते. दर बदलले तर जुन्या गिऱ्हाइकांना काय सांगू? की हा उद्योगच बंद करू?"

ताई, नमस्कार.

उद्योग बंद करण्याचा विचार आधी मनातून काढून टाका. लोक एकदा घेऊन परत मागवतायत, म्हणजे सगळ्यात अवघड काम तुम्ही केलेलं आहे. उरला टपालखर्च. पोस्ट की कुरिअर यावर तो थोडाफार हलतो. पण तुम्ही किती ग्रॅमचं पाकीट करता आणि ते कशात भरता, यावर तो खरा ठरतो. म्हणजे पार्सल घराबाहेर पडायच्या आधीच. तुम्ही दिलेले आकडेच घेऊन दाखवते.

पाव किलोला ७० आणि अर्ध्या किलोला ११० का, हे तुम्हाला कोडं पडलंय. बहुतेक कुरिअर कंपन्यांचे पार्सलचे दर ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतात. ५०० ग्रॅमपर्यंत एक दर, ५०१ ते १००० पर्यंत दुसरा, असं पुढे. आता तुमची अर्धा किलो हळद बघा. आत ५०० ग्रॅम हळद, तिची पिशवी, वरून पुठ्ठ्याचं खोकं, चिकटपट्टी, चिठ्ठी. काट्यावर हे सगळं ५७०-५८० ग्रॅम भरतं. वरच्या सत्तर-ऐंशी ग्रॅमनी तुम्हाला एक किलोच्या टप्प्यात ढकललं. ते ११० रुपये एक किलोचं भाडं आहे आणि त्यातली चारशेहून जास्त ग्रॅमची जागा तुम्ही रिकामी पाठवताय.

म्हणून अर्धा किलो हे माप सोडा. किराणा दुकानात ते सोयीचं आहे, कारण तिथे पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात जाते. टपालात जाणाऱ्या मालाचं माप टपालाच्या टप्प्यावरून ठरवायचं. हळदीचं पाकीट ४०० ग्रॅमचं करा. पॅकिंग धरून ते ४६०-४७० ग्रॅममध्ये बसतं आणि ७० रुपयांत जातं. अशी दोन पाकिटं एकत्र पाठवली तर ८०० अधिक पॅकिंग, म्हणजे एक किलोच्या आत, ११० रुपये. चार पाकिटं दोन किलोच्या आत, तुमच्याच दरानं १८० रुपये. आता दर शंभर ग्रॅम हळदीमागे टपाल किती पडतं ते काढा. पाव किलोच्या पाकिटाला २८ रुपये, अर्ध्या किलोच्या पाकिटाला २२, चारशेच्या एका पाकिटाला साडेसतरा, दोन एकत्र पाठवली तर पावणेचौदा, चार एकत्र पाठवली तर सव्वाअकरा. हळद तीच, कुरिअर तेच, दरही तेच. तुम्हाला ज्या पाव किलोच्या ऑर्डरी स्वस्तात गेल्यासारख्या वाटतात, त्याच सगळ्यात महाग पडतात.

यावर तुमच्या मनात येईल, की पाचशेचं चारशे केलं तर लोक फसवलं म्हणतील. वजन दडवलं तर म्हणतील, आणि म्हणायलाच हवं. पाकिटावर निव्वळ वजन ४०० ग्रॅम असं ठळक छापा, किंमत त्याच हिशेबानं १६० ठेवा आणि आधी सांगून टाका. ४०० ग्रॅम सांगून ४०० ग्रॅम देणं हा चोख व्यवहार आहे. लेबलवर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक असतोच, तो तसाच राहू द्या.

यासाठी एक वस्तू मात्र घ्याच. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा. सांगलीत भांड्यांच्या दुकानात सहज मिळतो. पिठाच्या डब्यावरचा जुना तराजू इथे चालणार नाही, कारण आपला सगळा खेळ वीस-तीस ग्रॅमचा आहे. आणि वजन करायचं ते पूर्ण बांधून झालेल्या पार्सलचं, पत्त्याची चिठ्ठी चिकटवल्यावर. ४९० भरलं तर मी ते पाठवणार नाही. त्यांचा काटा आणि आपला काटा यांत दहा-पंधरा ग्रॅमचा फरक निघतो. काठावरचं पार्सल वरच्या टप्प्यात गेलं की भांडून काही मिळत नाही. टप्प्याच्या खाली तीस ग्रॅम मोकळे ठेवा.

आता भडंग. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

गाडीत जागा मर्यादित असते. हलकं पण मोठं खोकं खूप जागा अडवतं, म्हणून पार्सल नेणारे दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारावरून, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. पोस्टाच्या पार्सललाही हे लागू आहे आणि कुरिअरलाही. आकाराचं वजन काढायची रीत अशी, की लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० नं भागायचं. उत्तर किलोत येतं. काही कुरिअर कंपन्या याहून लहान आकड्यानं भागतात, म्हणजे त्यांच्याकडे वजन आणखी जास्त दिसतं. कंपनी निवडताना हा आकडा मुद्दाम विचारा.

तुमचं बुटांचं खोकं घ्या. बुटांचं खोकं साधारण ३२ सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि १२ उंच असतं. गुणाकार ७,६८०. त्याला ५००० नं भागलं की दीड किलोच्या थोडं वर. दीडच्या वर गेलं की पुढचा टप्पा दोन किलोचा. कुरिअरवाल्यानं तुम्हाला लुबाडलं नाही, ताई. खोक्यानं लुबाडलं.

दर वेळी गुणाकार-भागाकार करायचा नसेल, तर एक सोपा हिशेब सांगते. खोक्यात जेवढे लिटर मावतात, तेवढे दोनशे-दोनशे ग्रॅम धरायचे. अडीच लिटरचं खोकं म्हणजे अर्धा किलो, पाच लिटरचं म्हणजे एक किलो. घरात पाच लिटरचा तेलाचा कॅन असेल तर तो समोर ठेवून बघा. त्याहून मोठं काहीही एक किलोत जाणार नाही, आत कापूस भरलेला असला तरी.

आता तुमचं भडंग दुधाच्या एक लिटरच्या मापानं मोजा. प्रत्येकीचं भडंग वेगळं. शेंगदाणे किती, डाळं-लसूण किती, चुरमुरा कोणता, यावर ते किती जागा खातं हे ठरतं. चारशे ग्रॅमला साधारण तीन ते चार लिटर जागा लागेल असं धरून चालू. म्हणजे चारशे ग्रॅम भडंग एकटं पाठवलं तरी आकारानं ते सहाशे-आठशे ग्रॅम ठरतं आणि एक किलोचे ११० रुपये पडतात. ते दाबून लहान करायला जाल तर पुण्यात पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल. थोडक्यात, भडंग एकटं लांब पाठवू नका. माझं मत इथे पक्कं आहे. शंभर-सव्वाशेच्या भडंगावर ११० रुपये टपाल कोणतंही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा देणार नाही.

पण याचाच फायदाही करून घेता येतो. भडंगाला जागा लागते आणि वजन नसतं. हळदीला वजन असतं आणि जागा लागत नाही. चारशे ग्रॅम हळद आणि चारशे ग्रॅम भडंग एकाच खोक्यात घाला. काट्यावर पॅकिंग धरून नऊशेच्या आसपास. खोकं २५ बाय २० बाय १० चं, म्हणजे बरोबर पाच लिटरचं. दोन्ही हिशेबांनी पार्सल एक किलोत बसतं आणि ११० रुपयांत जातं. वेगवेगळं पाठवलं असतं तर ७० आणि ११० मिळून १८० झाले असते. बेदाण्याचंही हळदीसारखंच आहे, जड आणि आटोपशीर. तेव्हा भडंग सुटं विकणं बंद करा आणि जोडी विका. हळद-भडंग, बेदाणे-भडंग. बाहेरगावी असलेल्या सांगलीकराला हेच हवं असतं. हळदीला तो नाही म्हणेल, पण भडंग बघून घेईल.

खोकं घेताना एवढंच बघा, की फुगीर बाजू मोजली जाते. पार्सल मधून फुगलं असेल तर पट्टी तिथेच लावतात. कडा चापून बांधा. मार्केट यार्डाच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी गठ्ठ्यानं मिळतात, दोनच मापं ठरवून घ्या आणि बाकी मोह टाळा. औषधाच्या दुकानातून फुकट मिळणारी खोकी वापरायला माझी हरकत नाही, फक्त त्यावरचा जुना बारकोड आणि जुना पत्ता पूर्ण झाका. जुना बारकोड मशीननं वाचला तर पार्सल भलतीकडे जातं.

नुसत्या हळदीला आणि बेदाण्याला मात्र खोकं लागतच नाही. हळद फुटत नाही, मग पुठ्ठ्याचे साठ-सत्तर ग्रॅम कशासाठी? जाड पिशवीत हळद सीलबंद करा, ती दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा सील करा आणि वरून कुरिअरची चिवट प्लॅस्टिक पिशवी. या सगळ्याचं वजन तीस-चाळीस ग्रॅमच्या वर जात नाही. दोनदा सील करण्यात कंजुषी नको. हळदीची पिशवी वाटेत फुटली तर दुसऱ्या कुणाच्या साड्या, कुणाची कागदपत्रं पिवळी होतात, आणि तो डाग जात नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पावसाळ्यात तर ही बाहेरची प्लॅस्टिक पिशवी हवीच. पुठ्ठा भिजला की वजनही वाढतं आणि मालही जातो. बेदाणे उन्हाळ्यात चिकटतात, त्यांना हवा काढून सील केलेली पाकिटं चांगली.

खोक्यात भरायला वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची सवय असेल तर तीही बघा. चार दुहेरी पानं कोंबली की साधारण पाऊणशे ग्रॅम वाढतात. आधीच नेमक्या मापाचं खोकं घेतलं तर बोळे लागत नाहीत. तरी पोकळी राहिलीच तर बबल रॅप वापरा, त्याला वजन नसल्यासारखंच. छापील कागद खाण्याच्या पदार्थाला थेट लागू द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पोस्ट की कुरिअर, या प्रश्नाकडे आता येते.

खेड्यातल्या ऑर्डरी पोस्टानंच पाठवा. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत आणि त्यांतली सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. जत-आटपाडीच्या वाडीवर किंवा मेळघाटातल्या गावात कुरिअरवाला एक तर जात नाही, नाही तर "तालुक्याला येऊन घेऊन जा" म्हणून फोन करतो. पोस्टमन दारात जातो. शहरांसाठी मात्र दोन्हीकडचे दर एकदा कागदावर मांडा. एकच वजन, चार-पाच पिनकोड, आणि समोरासमोर आकडे. पोस्टाच्या संकेतस्थळावर पिनकोड आणि वजन घालून दर काढता येतो, कुरिअरला फोन करून विचारता येतो. एक दुपार जाईल, पण ते कोष्टक वर्षभर उपयोगी पडेल.

इथे एक सावधगिरी. व्हॉट्सॲपवर स्पीड पोस्टच्या नव्या दरांचा तक्ता फिरतोय आणि बऱ्याच घरगुती विक्रेत्या त्यावरून हिशेब करतायत. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले. गावातल्या गावात सोडलं तर ५० ग्रॅमपर्यंत देशभर ४७ रुपये, २५० ग्रॅमपर्यंत अंतराप्रमाणे ५९ ते ७७ आणि ५०० ग्रॅमपर्यंत ७० ते ९३. हे आकडे खरे आहेत, पण ते कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे आहेत. हळदीचं पाकीट पार्सलमध्ये मोडतं आणि पार्सलचे दर वेगळे. शिवाय त्या आकड्यांत जीएसटी धरलेला नाही. १८ टक्के वरून लागतो, म्हणजे ६३ वाचून गेलात तर खिशातून ७४ जातात. खिडकीवर विचारताना "पार्सलचा, टॅक्ससह एकूण किती" असंच विचारा आणि तोच आकडा वहीत लिहा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा "साधं रजिस्टर करून पाठवते, स्वस्त पडेल" हा जुना मार्ग आता धरता येणार नाही.

दर महिन्याला तुमची पार्सलं बऱ्यापैकी होत असतील तर सांगलीच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन करारावरच्या ग्राहकांच्या योजनेची चौकशी करा. नियमित आणि जास्त पार्सलं पाठवणाऱ्यांना टपाल खातं सवलत देतं. नव्या दरांसोबत स्पीड पोस्टच्या नव्या घाऊक ग्राहकांसाठी ५ टक्के सवलतही जाहीर झाली आहे. एकट्या तुमची संख्या कमी पडेल. पण तुमच्या ओळखीत पापड, चटण्या, गोधड्या पाठवणाऱ्या बायका असतीलच. बचत गटाच्या नावानं एकत्र विचारणा केली तर बोलायला जोर येतो. कुरिअर कंपन्याही एकटीला छापील दर सांगतात आणि दहाजणींना वेगळा.

एक छोटा अवांतर मुद्दा, कारण वाईच्या एका वाचकांनी हाच प्रश्न पुस्तकांबद्दल विचारला होता. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. पुस्तकं पाठवणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये. ताई, हळदीला ते लागू नाही. पुस्तकाच्या पाकिटात हळदीची पुडी सारायची कल्पना कुणी दिली तर ती ऐकू नका.

परत येणाऱ्या पार्सलांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. परत आलेलं पार्सल म्हणजे जाण्याचं भाडं गेलं, बऱ्याच ठिकाणी येण्याचंही लागलं, आणि माल महिनाभर फिरून आलेला. एका पार्सलमागे सव्वाशे-दीडशे रुपये पाण्यात, म्हणजे तीन पाकिटांचा नफा गेला. कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा. आज यूपीआय नाही असं घर विरळा. पैसे आले की पार्सल निघेल, एवढा साधा नियम ठेवा. ज्याला खरंच हवंय तो पैसे आधी देतो. जो देत नाही, त्याचंच पार्सल बहुधा परत येतं.

दुसरं कारण पत्ता. "मु. पो. वडगाव, जि. पुणे" असा पत्ता घेऊन पार्सल सोडू नका. वडगाव किती आहेत याची गणती नाही. तालुका, जवळची खूण, चालू मोबाइल नंबर आणि सहा आकडी पिन, हे चारही हातात आल्याशिवाय पार्सल बांधायचंच नाही. पिनकोड ही आपल्याच एका कोकणी माणसाची देणगी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो देशात लागू झाला. पहिल्या तीन आकड्यांवरून पार्सल कुठल्या छाननी केंद्राकडे जायचं ते ठरतं. जिल्ह्याच्या नावावरून अंदाजानं पिन लिहू नका. विटा आपल्या सांगली जिल्ह्यात आहे, पण पिन ४१५३११, साताऱ्याच्या ४१५ मधला. सांगलीचा ४१६४१६, मिरजेचा ४१६४१०. गिऱ्हाइकाला पिन विचारा आणि त्यानं दिलेला पिन त्याच गावाचा आहे का, हे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

आणि प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, बाजूला मोजपट्टी धरून एक फोटो काढत जा. कुरिअरकडून नंतर जास्त वजनाचे पैसे लावल्याचा मेसेज आला तर हा फोटो पाठवायचा. तोंडी वादात तुम्ही हराल, फोटो असेल तर बहुतेकदा पैसे परत मिळतात.

नणंदबाईंची मदत जरूर घ्या, पण फुकट घेऊ नका. पुण्याच्या आठवडाभराच्या ऑर्डरी साठवा, एका मोठ्या खोक्यात भरा आणि एसटीच्या पार्सलनं किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं स्वारगेटला पाठवा. दहा पाकिटांचं एकच भाडं लागतं, ते दहांत वाटलं की किती उतरतं ते तुम्हीच बघा. कोथरूड-कर्वेनगर भागातली गिऱ्हाइकं त्यांच्या घरून येऊन घेऊन जातील, त्यांना टपाल माफ. बाकीच्यांना त्या पुण्यातल्या पुण्यात पाठवतील, तो दर सांगलीहून पाठवण्यापेक्षा कमीच असतो. प्रत्येक पाकिटामागे त्यांना दहा-पंधरा रुपये ठरवून द्या. घरच्या माणसाला पैसे कसे द्यायचे असा संकोच करू नका. चार महिन्यांनी त्यांना कंटाळा आला तर तुम्हाला बोलता येणार नाही आणि त्यांनाही. त्यांच्या दारावर वेळी-अवेळी बेल वाजू नये म्हणून वार आणि वेळ ठरवून टाका, शनिवारी संध्याकाळी अमुक ते अमुक.

तुमच्याकडेही वार ठरवा. ऑर्डर आली की लगेच स्कूटर काढून पोस्टात, ही धावपळ बंद. मंगळवार आणि शुक्रवार पुरे. तुमचं पेट्रोल आणि तुमची दुपार हाही टपालखर्चच आहे, फक्त तो वहीत कुणी लिहीत नाही. शुक्रवारी रात्री सील करून ठेवलेली हळद मंगळवारपर्यंत खराब होत नाही. भडंग मात्र सोमवारी करा, म्हणजे मंगळवारी ताजं जाईल.

फ्री डिलिव्हरीबद्दल. सगळ्यांना फुकट घरपोच देणं तुम्हाला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. चारशेच्या एका पाकिटामागे तुम्हाला ४८ रुपये सुटतात. एक पाकीट मागवणाऱ्याकडून टपालाचे पूर्ण ७० घ्या. दोन मागवली तर ११० पैकी ८० घ्या, ३० तुम्ही सोसा. नफ्याच्या ९६ मधून ६६ हातात राहतात. चार मागवली तर १८० पैकी १०० घ्या, ८० सोसा, ११२ राहतात. गिऱ्हाइकाला दिसतं की जास्त घेतलं तर टपाल हलकं होतं, आणि तो आपोआप दोनवर येतो. शेजारीण, बहीण यांना विचारून चारची ऑर्डर करतो. टपाल किमतीत लपवून "फ्री" लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही तसं करू नका, असं मी सुचवेन. तुमच्याकडे सांगलीतली गिऱ्हाइकंही घरी येऊन घेतात. त्यांनी बेंगळुरूच्या टपालाचे पैसे का भरावेत?

जुन्या गिऱ्हाइकांना काय सांगायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. लांबलचक कारणं देऊ नका. असा मेसेज पाठवा :

"नमस्कार. या महिन्यापासून आपली हळद ४०० ग्रॅमच्या पाकिटात मिळेल, किंमत १६० रुपये. दर तोच आहे, फक्त माप बदललं आहे, कारण या मापात टपालखर्च ११० वरून ७० वर येतो. दोन पाकिटांना टपाल ८०, चारला १००. भडंग आता हळदीच्या किंवा बेदाण्याच्या जोडीनं मिळेल. पार्सलं मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. पैसे आधी पाठवावेत आणि पत्त्यासोबत पिनकोड व मोबाइल नंबर द्यावा. पुणेकरांना कोथरूडहून शनिवारी टपालाशिवाय घेता येईल."

हे दर तुम्ही पत्रात लिहिलेल्या कुरिअरच्या दरांवरून काढले आहेत. कोष्टक तयार झाल्यावर लांबच्या गावांसाठी वेगळा आकडा निघाला तर मेसेज पाठवायच्या आधी तो बदलून घ्या.